उसने गुरुजी

“ही मूल्यं काय, जिन्यावर रंगवायची असतात का गं? सपाट जागा मिळत नाही कुठे?”

“तू वाचू नकोस. गुडघा सांभाळ आधी.”

“वाचतेय कुठे मी! ‘प्रामाणिकपणा’च्या पायरीवर दम खायला जरा टेकले, तर रंग ओला. बघ गं मागून, कोटाला लागला का?”

“लागलाय की. चांगला निळा लागलाय.”

दोन म्हाताऱ्या एकमेकींचा दंड धरून जिना चढत होत्या आणि त्यांच्या अगदी पाठीशी बुरुलचा उभी होती, दोन्ही हातांत कणकेच्या तळलेल्या बोर्सोकचा भरलेला थाळा घेऊन. पुढे जायला वाट नव्हती. आणि काही ऐकूच आलं नाही असा चेहरा करायला ती काही मुख्याध्यापक नव्हती.

तिने साबिरकुलला गुरुवारीच सांगितलं होतं. पाहुणे शनिवारी येणार, मग शुक्रवारी रंग काढू नका. एप्रिलातसुद्धा उझुन-ताशमध्ये सकाळी बादलीतलं पाणी गोठलेलं असतं, तिथे रंग काय वाळणार! पण साबिरकुल मुख्याध्यापक, वयाने तिच्याहून लहान आणि उत्साहाने तिच्याहून पुष्कळ मोठा. तो तिला थोरल्या बहिणीसारखं ‘एजे’ म्हणायचा. म्हणाला, “एजे, तीन नंबरच्या शाळेने भिंतीवर रंगवलीत. आपण जिन्यावर रंगवू. माणूस चढता चढता वाचतो.” पायऱ्या दहा निघाल्या आणि मूल्यं सुचली सात. मग वरच्या उरलेल्या तीन पायऱ्यांवरही ‘आदर’च लिहिला. आदर, आदर, आदर. आमच्याकडे तेवढा लागतोच म्हणा.

“आपा, इकडून या,” बुरुलचा थाळ्याआडून म्हणाली. “कोटाचं बघू आपण, रॉकेलने निघेल.”

“कोट मरू दे गं पोरी, जुनाच आहे,” ज्या म्हातारीला रंग लागला होता ती म्हणाली. तिचं नाव कालबुबू. वर जारबुलाक वाडीतून ती पहाटेच्या गाडीने आली होती. सोबत जाऊ होती, कारण कालबुबू जावेशिवाय कुठे जात नसे आणि जावेबरोबर कुठे गेली तरी भांडल्याशिवाय परतत नसे. मागे दोन पायऱ्या सोडून नात, बेगिमाय. पांढरा शर्ट, घट्ट वेणी, हात मागे. ती मात्र पायऱ्या खरोखर वाचत होती.

आता दहावीच्या वर्गाचं सांगायला हवं, कारण हा सगळा खटाटोप त्याच्यासाठी होता. नववीपर्यंतची मुलं या पाच नंबरच्या शाळेला आपसूक मिळतात. गल्लीतलीच असतात, जाणार कुठे? दहावी-अकरावी मात्र मागून आणावी लागते. डोंगरातल्या वाड्यांच्या शाळा नववीला संपतात. पुढे ज्याला शिकायचं त्याने खाली उझुन-ताशला यायचं, कुणा मावशी-आत्याकडे राहायचं आणि तीन शाळांपैकी एक धरायची. म्हणून तिन्ही शाळा मुलांच्या घरच्यांना पाहुणे म्हणून बोलावतात. आणि जिला शिकू द्यायचं नाही तिच्यासाठी शिवणकामाचा वर्ग आहे, मॉस्को आहे, आणि लग्न तर आहेच.

बुरुलचा स्वतः अशाच एका वाडीतून याच शाळेच्या दहावीत आली होती. पुढे इथेच रसायनशास्त्र शिकवायला लागली, इथेच पन्नाशी उलटली, इथेच उपमुख्याध्यापिका झाली. यंदा शिक्षण खात्याने कळवलं होतं, की दहावीला वीस मुलं दाखवा, नाहीतर वर्ग बंद. तीन नंबरला आणि सात नंबरलाही तेच कळवलं होतं. एका दरीत नववी पास होणारी मुलं पन्नासच्या आसपास, शाळा तीन, आणि प्रत्येकीला वीस हवीत. गणित ज्याचं त्याने करावं. बुरुलचाकडे चौदा नावं होती. रात्री अंथरुणावर पडलं की तिला ती चौदा मुलं अंगणात एका ओळीत उभी दिसत आणि ओळीच्या शेवटी सहा जागा रिकाम्या.

आणि भौतिकशास्त्राला शिक्षक नव्हता. अलमाझ होता, तो ऑक्टोबरात मॉस्कोला गेला आणि आता तिथे टॅक्सी चालवतो. गिऱ्हाइकांना घर्षणाचे नियम सांगत असेल. त्याच्या तासाला खेळाचे शिक्षक जातात आणि पुस्तक मोठ्याने वाचून दाखवतात. त्यांचा आवाज चांगला आहे, एवढं मान्य करावं लागतं.

“भौतिकशास्त्राचा नमुना तास ठेवायलाच हवा,” साबिरकुल म्हणाला होता. “आपली दहावी विज्ञानाची. आपल्या जुन्या गुरुजींना, ओरमोन आगायना, बोलावू.”

“त्यांना निवृत्त होऊन जमाना झाला.”

“मग? शिकवायला कुठे बोलावतोय? दाखवायला बोलावतोय.”

“लोकांना वाटेल तेच शिकवणार.”

“आपण तसं म्हणायचं नाही.”

“आणि तसं नाही, असंही म्हणायचं नाही.”

“एजे, तुम्ही रसायनवाल्या. प्रत्येक गोष्टीला लगेच उकळी आणता.”

तिने शेवटी मान डोलावली होती. चौदाचा आकडा डोळ्यांपुढे असला की मान आपोआप डोलते. पण शुक्रवारी सात नंबरच्या शाळेकडून सूक्ष्मदर्शकं आली. गावात चारच आहेत, ती लग्नातल्या मोठ्या कढईसारखी घरोघर फिरतात. ती घेऊन येणारा ड्रायव्हर सहज बोलून गेला, की उद्या आगायनाही मीच आणतो, बुधवारी सात नंबरला आणलं होतं, त्याआधी तीन नंबरला. रस्ता आता गाडीला पाठ झालाय.

बुरुलचा तडक साबिरकुलच्या खोलीत गेली. “तिन्ही शाळांत? तोच माणूस?”

“गावात एकच आहे, एजे. वाटून घ्यायला नको?”

“आणि पाहुण्यांनी तिन्ही शाळा पाहिल्या असल्या तर?”

“पाहिल्याच असतील. पण बोलणार कोण? एवढ्या वयाच्या माणसाच्या तोंडावर?”

तो चुकत नव्हता. तिला चीड त्याचीच आली.

शनिवारी सभागृहात सतरंज्या, साबिरकुलच्या घरचा गालिचा, लांब टेबलं. टेबलांवर पाव, जाम, दाट सायीच्या काइमाकचे वाडगे. पाहुण्यांना बसवण्यातच सकाळ जायला लागली. दारासमोरच्या मानाच्या जागेवर बसायला कुणी तयार नव्हतं.

“आपा, तुम्ही वर बसा.”

“छे गं. ती बघ, ती माझ्याहून मोठी.”

“मी मोठी? मी हिच्या लग्नात ताटल्या धुतल्यात, तेव्हा मला नीट चालता येत नव्हतं!”

“चालता येत नव्हतं आणि ताटल्या धुवत होतीस?”

शेवटी मानाची जागा ओरमोन आगायना मिळाली. ते गाडीतून उतरून आले, उंच पांढरी टोपी, इस्त्रीचा काळा कोट, आणि सगळं सभागृह एकदम उठून उभं राहिलं. अर्ध्या लोकांना त्यांनीच शिकवलेलं. उरलेल्यांच्या आईबापांना. आगाय प्रत्येकाचा हात दोन्ही हातांत घेत पुढे सरकत होते आणि प्रत्येकाला एकच विचारत होते, “तू कोणाचा?” बुरुलचापाशी आले तेव्हा मात्र त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, “बुरुल, वाळलीस.” ती म्हणाली, “चहा घ्या, आगाय.”

चहाआधी कोणी बोलू शकत नाही. चहा झाला. मग मुलींचा नाच झाला, दोन वेळा, कारण पहिल्या वेळी टेप अडकली. मग शिक्षण खात्याच्या माणसाने शुभेच्छा दिल्या आणि कुस्तीत शाळेने मिळवलेल्या पदकांबद्दल बराच वेळ बोलला. मग साबिरकुल उठला. “आता आमच्या शाळेची मूल्यं आणि अध्यापन. बुरुलचा एजे. थोडक्यात.”

या भाषणाचा विचार ती कित्येक आठवडे करत होती. भाजी चिरताना, शेगडीत कोळसा घालताना. जिन्यावरच्या शब्दांतला एकही शब्द वापरायचा नाही असं तिने ठरवलं होतं.

“मी तुम्हाला एकच गोष्ट सांगते,” ती म्हणाली. “आठवीच्या मुलांना मी पाणी उकळायला लावते. पुस्तकात लिहिलंय, पाणी शंभर अंशांना उकळतं. आपण राहतो डोंगरात, आपल्याकडे ते त्र्याण्णवलाच उकळतं. मुलं तापमापक बघतात. मग पुस्तक बघतात. मग माझ्याकडे बघतात. आणि वहीत लिहितात, शंभर. सगळी. दर वर्षी. तर आमच्या शाळेत आम्ही शिकवतो ते खरं म्हणजे एवढंच, की…”

ध्वनिक्षेपक किंचाळला. त्याच वेळी स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि पुलावाची परात आत आली. सगळ्या माना तिकडे वळल्या. साबिरकुल तिच्या कोपराशी येऊन कुजबुजला, “एजे, भात निवतोय.”

“माझं वाक्य राहिलंय.”

“छान होतं. समजलं सगळ्यांना.”

समजलं होतं ते असं: कालबुबूची जाऊ शेजारणीला म्हणत होती, “पाणी नीट उकळत नाही म्हणतेय. तरीच चहा असा लागला.”

कालबुबूच्या मांडीवर मोबाइल होता आणि मोबाइलमध्ये तिची सून, झामिरा. मॉस्कोतल्या कुठल्याशा गोदामात ती खोकी भरते. जेवणाच्या सुट्टीत ती तिथूनच शाळा पाहत होती.

“आपा, काही दिसत नाहीये. कॅमेऱ्यावर तुमचं बोट आहे.”

“बोट नाही गं, काइमाक लागलंय. थांब, पुसते.”

“विचारलं का तुम्ही?”

“विचारते. आत्ता बाई पाण्याबद्दल सांगत होती.”

“पाण्याचं नका विचारू! मी सांगितलं ते विचारा.”

“हो हो,” कालबुबू म्हणाली आणि साबिरकुलकडे वळून तिने विचारलं, “बाळा, तुमच्याकडे शौचालय आत आहे की अंगणात?” मग तिने विचारलं, शेगड्या कधी पेटवता. मग विचारलं, दुपारी मुलांना काय देता. प्रत्येक उत्तरावर मान डोलावली. जे विचारायचं होतं त्याच्या भोवती ती अशी फिरत होती, जशी मांजर गरम दुधाभोवती फिरते. आणि प्रत्येक प्रश्नानंतर चोरून मानाच्या जागेकडे पाहत होती.

जेवणं झाल्यावर सगळे भौतिकशास्त्राच्या खोलीत गेले. खिडकीपाशी ती चार सूक्ष्मदर्शकं मांडली होती. एकाचा पाय निळ्या चिकटपट्टीने बांधलेला.

“अगंबाई, हासुद्धा इथे आला?” कालबुबूची जाऊ त्या पायाकडे बघून म्हणाली.

“गप,” कालबुबू म्हणाली.

छताच्या हुकाला दोरी होती आणि दोरीला व्यायामशाळेतला लोखंडी गोळा. आगाय भिंतीला पाठ लावून उभे राहिले. गोळा दोन्ही हातांनी उचलून त्यांनी हनुवटीला टेकवला. बुरुलचा त्यांच्या बाजूला होती. गोळा नुसता सोडायचा असतो. जरासा जरी ढकलला, किंवा सोडल्यावर माणूस बोटभर पुढे वाकला, तर परत येणारं लोखंड दात पाडून जाईल. तिने हळूच त्यांच्या कोटाची मागची कड मुठीत धरली. कुणाला दिसत नव्हतं.

“चाळीस वर्षं,” आगाय खणखणीत आवाजात म्हणाले, “चाळीस वर्षं मी या सात नंबरच्या शाळेत हा गोळा सोडतोय.”

साबिरकुल खोकला. मग सगळ्यांनी माना डोलावल्या. पाच नंबरच्या शाळेचे शिक्षक, पाच नंबरच्या शाळेचे पाहुणे, सगळ्यांनी. “हो, हो,” मागून कोणीतरी म्हणालंही.

“आणि चाळीस वर्षं घरी गेलो, की माझी म्हातारी…”

‘म्हातारी’ एवढाच शब्द आला आणि कालबुबूची जाऊ हसली. कालबुबूने तिला चिमटा काढला, पण उशीर झाला होता. दुसऱ्या रांगेतलं कोणी हसलं, मग तिसऱ्या रांगेतलं. सगळी खोली हसली. म्हातारी पुढे काय विचारते ते आगायनी अजून सांगायचंच होतं.

“…माझी म्हातारी दारातच विचारते, आज तरी लागला का?” त्यांनी पूर्ण केलं आणि खूश होऊन साबिरकुलकडे पाहिलं. “पालक हुशार आहेत हो तुमचे.”

त्यांनी गोळा सोडला. गोळा दूर गेला, भिंतीपर्यंत, आणि वजनदार आवाज करत परत आला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे मिटले. आगाय हलले नाहीत. हनुवटीपासून बोटभर अंतरावर लोखंड थांबलं, जणू विचार केला, आणि मागे फिरलं. बुरुलचाने मूठ सोडली तेव्हा तिच्या तळव्यात कोटाच्या शिवणीचे वळ उठले होते. टाळ्या पडल्या, मनापासून पडल्या. हे त्यांना अजून येत होतं, आणि ते बघायला छानच होतं.

“आगाय,” टाळ्यांमागून बेगिमायचा आवाज आला. “तो बोटभर अलीकडे का थांबला? खोलीत हवा नसती तर बरोबर तिथेच आला असता का?”

आगायचा चेहरा उजळला. बुरुलचाला तो उजेड ओळखीचा होता. याच खोलीत तिने तो पाहिलेला. असा प्रश्न आला की आगाय खडू उचलत आणि पुढचा सगळा तास कुणाला घंटासुद्धा ऐकू येत नसे.

त्यांनी खडू उचलला. फळ्याकडे वळले. “शाबास,” म्हणाले. “हवा. तर हवा म्हणजे… ते असं आहे, की गोळ्याकडे जी…” खडू फळ्याला टेकलेला राहिला. एक लहान रेघ उमटली होती. “ती जी… काय म्हणतात तिला…” त्यांनी रेघेकडे पाहिलं, मग खोलीकडे, मग बुरुलचाकडे. आणि मग ते हसून म्हणाले, “माझी म्हातारी दारातच विचारते, आज तरी लागला का?”

सगळे हसले. मऊ, काळजीने हसले. झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालावं तसे. बेगिमाय तेवढी हसली नाही. ती त्या रेघेकडे बघत होती.

बाहेर आल्यावर ती बुरुलचाच्या बाजूने चालायला लागली. “एजे, दहावीला भौतिकशास्त्र आगायच शिकवणार?”

“गप गं,” मागून कालबुबू आली. “मोठ्या माणसांच्या पाठीमागे असं विचारतात?”

“मग समोर विचारू?”

“समोर तर त्याहून नाही!”

“मग विचारायचं कुठे, आपा?”

कालबुबूने बुरुलचाकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. थकवा होता, आणि एक विनवणी, की बाई, तूच सांग, आम्हाला विचारायला लावू नकोस. बुरुलचाने तोंड उघडलं. आणि तिच्या तोंडून निघालं, “चला, चहा निवेल.”

साबिरकुलचंच वाक्य तिच्या घशातून आलं होतं. नुसता भात काढून चहा घातलेला.

ती स्वयंपाकघरात गेली आणि कारण नसताना दोन धुतलेले वाडगे पुन्हा धुतले. भांडी घासणाऱ्या मुलींनी तिला वाट करून दिली आणि काही विचारलं नाही. सगळीकडे तेच. ज्या शाळेत कुणी काही विचारत नाही त्या शाळेबद्दल ती सकाळी काय सांगत होती? वाक्य ‘की’वर अडलं ते बरंच झालं, तिला वाटलं. पुढे काय म्हणणार होते मी? कुठल्या तोंडाने?

सभागृहात शेवटचा चहा चालू होता. साबिरकुल उभा राहून नावं घेत होता. “लाजू नका. इथेच सांगा, आत्ताच सांगा. बाकीच्या दोन शाळा आहेतच म्हणा, त्याही चांगल्या आहेत, पण जिना कुणाचा चांगला?”

लोक हसले. खालच्या वाडीतल्या एका बापाने जुळ्यांची नावं दिली. मग एका आजीने नातवाचं. एका काकाने पुतणीचं. कोपऱ्यातल्या एका आईने बराच वेळ नवऱ्याशी डोळ्यांनी बोलून शेवटी मुलाचं नाव दिलं. दर घरामागे साबिरकुल बुरुलचाकडे पाहून एक बोट दुमडत होता, जुळ्यांना मिळून एकच. नावं पाच झाली. आता एकच बोट उरलं होतं आणि सगळे कालबुबूकडे पाहत होते.

कालबुबूने मोबाइल जामच्या वाडग्याजवळ पालथा ठेवला होता. त्यातून अचानक झामिराचा आवाज आला, मोठा आणि स्वच्छ. “आपा! माझी सुट्टी संपली. विचारलं का, भौतिकशास्त्र कोण शिकवणार?”

सगळ्यांनी ऐकलं. कुणीही ऐकलं नाही. कुणी पाव मोडला. कुणी शेजारच्याला जाम दिला, त्याच्या ताटात आधीच जाम होता. शिक्षण खात्याच्या माणसाने खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाला, “बर्फ पडेल वाटतं.”

“आहेत गं, आगाय आहेत,” कालबुबू मोबाइलवर हात ठेवून पुटपुटली. “मोठे आहेत. समोर बसलेत. ठेव तू आता.” मग सरळ बसली आणि साबिरकुलला म्हणाली, “घ्या हिचं नाव. बेगिमाय.”

साबिरकुलने शेवटचं बोट दुमडलं. वीस. त्याची मूठ पूर्ण झाली आणि ती त्याने टेबलाखाली अशी हलवली, की बुरुलचालाच दिसावी. त्याचे डोळे भरून आले होते. तो वाईट माणूस नव्हता. दहावी त्यालाही हवी होती, नोकरीसाठी नव्हे, खरोखरच हवी होती.

बुरुलचाला अंगणातली ती ओळ दिसली. वीस मुलं, भरलेली. सप्टेंबर. पहिला तास. शेवटच्या जागेवर घट्ट वेणीची मुलगी, हात वर केलेला, आणि फळ्यापाशी खेळाचे शिक्षक चांगल्या आवाजात वाचताहेत.

“आगाय, आशीर्वाद द्या,” साबिरकुल म्हणाला.

आगायनी दोन्ही हात ओंजळीसारखे उघडले. टेबलाभोवती सगळ्यांचे हात तसेच उघडले. म्हाताऱ्यांचे, बापांचे, शिक्षकांचे. बेगिमायचेही. आता आगाय बोलतील, सगळे ‘ओमीन’ म्हणतील, हात चेहऱ्यावरून फिरवतील आणि उठतील. आशीर्वादानंतर कुणी काही बोलत नाही. झालं ते झालं.

“आगाय,” बुरुलचा म्हणाली.

ती उभी होती आणि तिचे हात खाली होते. आशीर्वादाच्या वेळी मध्ये बोलणारं माणूस त्या सभागृहातल्या कुणी जन्मात पाहिलं नव्हतं.

“एजे,” साबिरकुल हात तसेच उघडे ठेवून दातांतून म्हणाला, “आशीर्वाद चाललाय.”

“अजून सुरू झालेला नाही.”

“एजे, वीस झालीत.”

“माहीत आहे मला किती झालीत.” तिचा आवाज फाटला, त्याचीही तिला चीड आली. “आगाय, माफ करा. हे मी तुम्हाला चहाला घरी बोलावून विचारायला हवं होतं, आठवड्यापूर्वी. सप्टेंबरपासून आमच्या दहावीला भौतिकशास्त्र तुम्ही शिकवाल?”

“ही पाण्यावालीच बाई ना?” कालबुबूची जाऊ पुटपुटली. या वेळी कालबुबूने तिला चिमटा काढला नाही. तिने हळूच मोबाइल सुलटा केला.

सगळ्यांचे हात अजून हवेतच होते. मागे घ्यावेत की ठेवावेत, कुणाला कळेना. साबिरकुलने डोळे मिटले. आगाय बुरुलचाकडे बराच वेळ पाहत राहिले, आणि तिला वाटलं, आता ते विचारतील, तू कोणाची?

त्यांनी आपले हात आधी खाली घेतले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. खाली केस अगदी विरळ झाले होते.

“बस, बुरुल,” ते म्हणाले. “उभं राहून एवढं कठीण विचारू नये. नाही, पोरी. मला आता शिकवता येत नाही. गोळा सोडता येतो, तेवढा सोडतो. बोलावतात, चहा देतात, गाडी पाठवतात, आणि मलाही घरी बसवत नाही. तिघांकडे सोडला. तिघांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.” मग ते कालबुबूकडे वळले, आणि तिच्या शेजारी बसलेल्या मुलीकडे. “शिकवायला कोणी नाही, मुली. इथे नाही, तीन नंबरला नाही, सात नंबरलाही नाही. या सबंध गावात भौतिकशास्त्र शिकवणारं माणूस उरलेलं नाही.”